दिवा गेलाय, मॉनिटर नाही

आमच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला म्हातारपणी एक खोड लागली. बटण दाबलं की तो उजळायचा, कंपनीचं नाव झळकवायचा, दोन सेकंद चित्र दाखवायचा आणि काळाठिक्कर व्हायचा. लग्नात आहेर देऊन जेवायला न थांबणाऱ्या पाहुण्यासारखं चाललं होतं त्याचं. तोंड दाखवलं, झालं. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत मी जेवढं काम करायला शिकलो तेवढं ऑफिसात आठ तासांत केलं असतं, तर आज साहेब झालो असतो. पहिल्या उजेडात माउसचा बाण कुठे आहे ते शोधायचं, दुसऱ्यात तो मेलपर्यंत न्यायचा, तिसऱ्यात मेल उघडायचा आणि चौथ्यापासून वाचायला घ्यायचं. सातव्या-आठव्या उजेडाला मजकुराचा अर्थ लागे. तो बहुधा बँकेने 'कर्ज घ्या' म्हणून धाडलेला असे.

हा मॉनिटर २००८ साली घेतलेला. एकोणीस इंची, चौकोनी. आज सगळे मॉनिटर आडवे पसरलेले असतात, त्यांच्यात हा जुन्या वळणाचा गृहस्थ वाटतो. पण तो आला तेव्हा त्याचा थाट काय विचारता! त्याआधीच्या ट्यूबवाल्या मॉनिटरची पाठ एवढी लांब, की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवावं लागे. हा सपाट. वरच्या मजल्यावरचे लोकसुद्धा 'मागे काहीच नाही?' म्हणून त्याची पाठ बघून गेले. आईने आल्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं, ते बोट चौकटीच्या वरच्या कडेला अजून आहे. पुढे दर दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल चढत आलं. ज्याची पूजा केली तो टाकायचा कसा, हा प्रश्न मला पडला आणि घरात मला सोडून कुणालाच पडला नाही.

"अहो, पंधरा वर्षं झाली त्याला. आता सोडा," बायको म्हणाली.

"तुझ्या मिक्सरला किती झाली?"

"मिक्सर चालतो."

या मुद्द्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी मुलीकडे वळलो. ती इंजिनिअरिंगला आहे आणि पर्यावरणवादीही आहे, त्यामुळे तिची मतं दुप्पट ठाम असतात. "बाबा, तू नवा घे. हा चाळीस वॅट खातो. नवे वीस वॅटमध्ये भागवतात."

मी कागद घेऊन बसलो. वीस वॅटचा फरक, रोजचे सहा तास, वर्षाचे ३६५ दिवस. म्हणजे वर्षाला चव्वेचाळीस युनिट. युनिटचे आठ रुपये धरले तर साडेतीनशे रुपयांची बचत. नवा मॉनिटर सात हजारांना. म्हणजे वीज वाचवून तो आपली किंमत फेडणार बरोबर वीस वर्षांनी, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असताना. हा कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीमागे दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला आढळला.

त्यातच मेहुणे आले. ते मॅनेजमेंटमध्ये आहेत. ते म्हणाले, "सोपं आहे. फिफ्टी पर्सेंट रूल. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्यायचा, कमी असेल तर दुरुस्त करायचा." मला हा नियम फार आवडला. दुरुस्तीचा खर्च कुणालाच माहीत नसल्यामुळे तो लागू करायची वेळच येत नव्हती.

आई तेवढी माझ्या बाजूने होती. "असू दे रे. कशाला तरी होईल," ती म्हणाली. पण आईची बाजू घेताना जपून राहावं लागतं, कारण याच न्यायाने आमच्या माळ्यावर रॉकेलचा स्टोव्ह, तांब्याच्या बंबाची तोटी, पट्टा तुटलेला टेपरेकॉर्डर आणि कुणाचं तरी एकच स्केट अशी मंडळी नांदत आहेत. दुरुस्त करावं की टाकावं, असे दोनच पर्याय जगापुढे असतील. मराठी घराला तिसरा असतो, तो म्हणजे माळा. माळ्यावर गेलेली वस्तू टाकलेलीही नसते आणि ठेवलेलीही नसते. तिचा निकाल पुढच्या पिढीकडे वर्ग झालेला असतो.

तर निकाल माझ्याच पिढीत लावायचा, असं ठरवून मी रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. बिहारमधला एक मुलगा हिंदीत सांगत होता, की स्क्रीन काळा झाला तर घाबरू नका, खोलीतला दिवा बंद करा आणि स्क्रीनवर तिरपी बॅटरी मारा. मी तसं केलं. आणि काय सांगू! त्या काळ्या डोहात माझा डेस्कटॉप दिसत होता. फिकट, पण जसाच्या तसा. महाबळेश्वरचा फोटो, डाव्या हाताला फायलींची रांग, कोपऱ्यात घड्याळ, आणि घड्याळात बरोबर वेळ.

याचं कारण नंतर कळलं. एलसीडीच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. काचेतले स्फटिक फक्त पडद्याचं काम करतात, इथून उजेड सोडायचा आणि तिथे अडवायचा एवढंच. उजेड येतो मागून. जुन्या मॉनिटरमध्ये त्यासाठी पेन्सिलीहून बारीक ट्यूबा असतात, आपल्या ट्यूबलाइटच्याच कुळातल्या. त्या पेटवायला शेकडो व्होल्ट लागतात आणि ते तयार करायला आत इन्व्हर्टर नावाची पट्टी असते. ट्यूब दमली किंवा पट्टीला पुरेसा वीजपुरवठा झाला नाही, की संरक्षणासाठी ती दोन सेकंदांत हात वर करते. उजेड जातो. चित्र मात्र आत चालूच असतं, कुणी बघो न बघो.

"दिवा गेलाय!" मी ओरडलो. "मॉनिटर नाही गेला, दिवा गेलाय!"

रात्रीचा एक वाजला होता. दिवा गेला म्हटल्यावर आई मेणबत्ती घेऊन आली. पाठोपाठ सोसायटीच्या वॉचमनने बेल वाजवली. तिसऱ्या मजल्यावर अंधारात कुणीतरी बॅटरी फिरवतंय, असं समोरच्या बिल्डिंगमधून फोन करून त्याला कळवलं होतं. मी त्याला आत नेऊन स्क्रीन दाखवला, बॅटरी मारून महाबळेश्वर दाखवलं. त्याने शांतपणे सगळं बघितलं आणि जाताना बायकोला हळूच विचारलं, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

आता मॉनिटर टाकण्याचा प्रश्नच उरला नव्हता. जिवंत वस्तू कोण टाकतं? मी बॅटरीच्या उजेडात काम सुरू केलं. डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात माउस. टाइप करायची वेळ आली की हात कमी पडत, म्हणून बॅटरी तोंडात धरायची. जमतं. लाळ गळते थोडी, पण जमतं. एकदा अशीच तोंडात बॅटरी धरून, मान वाकडी करून मी ऑफिसला 'आज प्रकृती ठीक नाही' असा मेल करत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "खरंच लिहिताय की."

तिने तडक भंगारवाल्याला बोलावलं. त्याने मॉनिटर हातात घेऊन तोलला, उलटा केला आणि तोंड वाकडं केलं. "फ्लॅटमध्ये काय नाय, साहेब. ट्यूबवाला असता तर आत तांब्याची कॉइल निघाली असती. ह्यात नुस्तं प्लॅस्टिक." मग माझ्याकडे बघून दया आल्यासारखा म्हणाला, "पन्नास देतो."

ज्याच्यावर पंधरा दसरे झेंडू वाहिला त्याचे पन्नास रुपये! पण मनात आलं ते न बोलता मी तत्त्वाची भाषा केली. म्हटलं, यातल्या ट्यूबांमध्ये पारा असतो, थोडाच असतो पण असतो. तू तो कुठेतरी गल्लीत बसून फोडणार. २०१२ पासून देशात ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत, २०२३ च्या एप्रिलपासून नवे आलेत, त्यात मॉनिटर येतो, तो नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्रातच गेला पाहिजे. भंगारवाला म्हणाला, "साठ घ्या." मी मान हलवली. आमचा मॉनिटर या सगळ्या नियमांपेक्षा वयाने मोठा आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. मुलगी आतून टाळ्या वाजवत आली. "बरोबर केलंस, बाबा!" ती मला तत्त्वनिष्ठ समजली. मीही तो समज मोडला नाही, उलट पुढे रेटला. म्हटलं, २०२२ च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलसुद्धा काढलंय. हक्क मिळालाय तर बजावला पाहिजे.

हक्क बजावायला पुण्यात एकच जागा, बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. अप्पा बळवंत चौकात जशी पुस्तकं, तशा इथे वायरी. बोळाच्या दोन्ही अंगांना दिव्यांच्या माळा, पंखे, स्पीकर, बोर्ड, बटणं आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. मॉनिटर पोटाशी धरून मी एक अरुंद जिना चढलो. वर पाच-सहा फुटांच्या खोलीत एक तरुण कारागीर, डोळ्याला भिंग, हातात कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली सोल्डरिंग गन आणि चोहोबाजूंनी पोटं फाडलेले टीव्ही. त्याने मॉनिटर प्लगला लावला, दोन सेकंद बघितलं आणि बंद केला.

"टाकून द्या, काका."

'काका' आणि 'टाकून द्या' हे एकाच वाक्यात ऐकायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "अहो, दिवा गेलाय फक्त. बॅटरी मारून बघितलंय मी."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मग माहितीय की तुम्हाला. कॅपॅसिटर फुगले असणार. त्या काळातल्या मालाची खोडच ती. आतलं रसायन खराब निघालेलं." हे खरंच होतं. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानच्या काही कारखान्यांतून आलेले कॅपॅसिटर जगभर अकाली फुगले आणि फुटले. रसायनाचं सूत्र कुणीतरी चोरलं, पण ते अर्धवटच हाती लागलं, अशी गोष्ट तेव्हा सांगितली जायची. माझ्या टेबलावरच्या अंधाराला आंतरराष्ट्रीय हेरगिरीची किनार आहे, हे कळल्यावर मॉनिटरबद्दलचा आदर दुणावला.

"मग बदला की ते."

"नऊशे होतील. आणि गॅरंटी नाही. उघडताना पॅनेल गेलं तर पॅनेल मिळत नाही आता. नंतर तुम्ही माझ्या डोक्यावर बसणार."

"कॅपॅसिटर केवढ्याला येतो?"

"आठ रुपयाला. चार लागतील."

बत्तीस रुपयांच्या मालाचे नऊशे! माझ्यातला जो हिशेबी माणूस वीस वर्षांचा तक्ता फ्रिजवर लावतो, तो जागा झाला. मी मॉनिटर उचलला. कारागीर भला होता. तो म्हणाला, "घरी करणार असाल तर एक सांगतो. आत एक मोठा कॅपॅसिटर असेल, अंगठ्याएवढा. त्याला हात लावू नका. प्लग काढला तरी तीनशे व्होल्ट धरून बसतो तो." मी हसून 'हो, हो' म्हटलं आणि जिना उतरताना कठड्याला गच्च धरलं.

खाली एका दुकानात चार कॅपॅसिटर मागितले. "हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट," मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"पंच्याऐंशी की एकशेपाच?" दुकानदार म्हणाला.

"एकशेपाच? अहो, वरती आठ रुपये सांगितले!"

"डिग्री हो, काका. किती तापमान सोसणारा देऊ?"

मागे उभी असलेली कॉलेजची पोरं खालच्या मानेने हसली. मी एकशेपाच डिग्रीवाले घेतले. सोबत सोल्डरिंग गन घेतली, शिशाची तार घेतली, राळेची डबी घेतली, जुनं सोल्डर ओढून घेणारा पंप घेतला. बाहेर येऊन बघतो तर जिथे स्कूटर लावली होती तिथे स्कूटर नव्हती. खडूने काढलेला बाण होता.

शस्त्रक्रियेला रविवार निवडला. प्लग काढून ठेवला, तरी मी पायात रबरी चपला घातल्या आणि लाकडी पाटावर बसलो. आई शेजारी लाटणं घेऊन उभी राहिली. शॉक लागला तर लाकडाने हात झटकायचा असतो, हे तिला माझ्या वडिलांनी सांगून ठेवलंय. बायको म्हणाली, "आई, तुम्ही दमाल. लाटणं माझ्याकडे द्या." मी घाईघाईने म्हटलं, आईलाच असू दे.

मॉनिटरला स्क्रू असतात ते मागे, स्टँडचे. तेवढे काढले आणि लक्षात आलं, की पुढची चौकट स्क्रूवर नसतेच. ती आतून प्लॅस्टिकच्या चापांनी बसवलेली असते. चाप कुठे आहेत ते बाहेरून दिसत नाही. फटीत पातळ, लवचिक काहीतरी घालून एकेक सोडवत जायचं. बिहारचा मुलगा म्हणाला होता की जुनं एटीएम कार्ड वापरा. मी पाकिटातून जुनं कार्ड काढलं, फटीत घातलं आणि तिरपं केलं. कट्! एक चाप सुटला. कट्! दुसरा. प्रत्येक 'कट्'ला आई 'गं बाई' म्हणत होती. आठव्या का नवव्या चापाला आवाज वेगळा आला. अर्धं कार्ड माझ्या हातात राहिलं आणि अर्धं आत गेलं. जुनं कार्ड टेबलाच्या खणातच होतं. हातात होतं ते चालू होतं.

पण चौकट निघाली, पत्र्याचं झाकण निघालं, आणि खाली हिरव्या पट्टीवर ते बसलेले दिसले. चौघे ओळीने, काळ्या अंगरख्यातले. कॅपॅसिटरचा माथा सपाट असायला हवा. त्यावर अधिकच्या खुणेसारखी चीर असते, आत दाब वाढला तर तिथून वाट मिळावी म्हणून. यांतल्या तिघांचे माथे पुरीसारखे टम्म फुगले होते आणि चौथ्याच्या चिरेतून तपकिरी राळ बाहेर येऊन वाळली होती. मी बायकोला बोलावून दाखवलं. मुलीला दाखवलं. आईला चष्मा आणायला लावून दाखवलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मला कुठल्याही कामाचं कारण इतकं स्पष्ट, इतकं एका जागी बसलेलं सापडलं नव्हतं.

डाग द्यायच्या कामाचं मी फार सांगत नाही. जुने पाय वितळवून काढताना पाटावर दोन काळे ठिपके पडले, चपलेला एक पडला. पण पांढऱ्या पट्ट्याची बाजू ऋण, ती खुणेवर जुळवायची, हे मी प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणत गेलो आणि चारही नीट बसले. मोठ्या अंगठ्याएवढ्या कॅपॅसिटरपासून मी हात एवढा लांब ठेवला, की अर्धं काम तिरपं बसून करावं लागलं. चौकट दाबून बसवली. प्लग लावला. बटण दाबलं.

एक. दोन. तीन. चार. महाबळेश्वर उजळलं आणि उजळलेलंच राहिलं!

आईने लाटणं खाली ठेवून साखर आणली. मुलीने फोटो काढला. बायको काही बोलली नाही, पण तिने चहात आलं घातलं, आणि आमच्या घरात ते ज्ञानपीठाच्या खालोखाल मानतात. चहा पिता पिता माझ्या ध्यानात आलं, की स्क्रीनच्या अगदी मध्यभागी एक निळी चौकट आली आहे. 'ब्राइटनेस १००' अशी. जाईल म्हणून वाट बघितली. ती जाईना. चौकट बसवताना खालच्या बटणांपैकी मेनूचं बटण चापाखाली चेपलं गेलं होतं आणि आत कायमचं दाबलेलं राहिलं होतं. चौकट सरकवायची सोय मेनूत असते, पण मेनू चालवायला तीच बटणं लागतात. पुन्हा उघडून बघावं, तर उरलेलं एटीएम कार्ड अर्धंच होतं.

माणूस सगळ्याला सरावतो. मी त्या चौकटीच्या वरून वाचत होतो, खालून वाचत होतो, मधलं सरकवून वाचत होतो. एक्सेलमध्ये घरखर्च मांडला की बेरीज नेमकी तिच्याखाली यायची, आणि ते एका परीने बरंच होतं. कारण या दुरुस्तीचा हिशेब असा झाला: कॅपॅसिटर ३२, सोल्डरिंग गन २८०, तार आणि राळ १२०, पंप ९०, बँकेकडून नवं कार्ड २३६, स्कूटर सोडवायचे ७८५. एकूण १५४३ रुपये. कारागिराने मागितले होते नऊशे. तरीही मेहुण्यांच्या नियमात मी बसत होतो. नव्याच्या निम्मे म्हणजे साडेतीन हजार, त्याला अजून दोन हजारांचं अंतर होतं. मी त्यांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा वेळ धरला का?" मॅनेजमेंटच्या लोकांना दुसऱ्याचा आनंद बघवत नाही.

दिवाळीच्या सेलमध्ये मुलीने परस्पर नवा मॉनिटर मागवला. बावीस इंची, आडवा, पानासारखा पातळ, मध्यभागी चौकट नसलेला. तो टेबलावर आला आणि मग खरा पेच पडला. बिघडलेला असताना जो टाकवत नव्हता, तो आता चालू होता! त्याला नवे कॅपॅसिटर होते, एकशेपाच डिग्री सोसणारे. माझ्या घामाचे होते. असा मॉनिटर टाकायचा म्हणजे सुधारलेल्या माणसाला घराबाहेर काढण्यातला प्रकार.

कुणाला तरी देऊ म्हटलं. वॉचमनच्या मुलाला विचारलं, तर त्याला मोबाइल हवा होता. एका शाळेत विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, मॉनिटर आहेत, कॉम्प्युटर आहेत, शिकवणारा माणूस देता का? भाचा घ्यायला तयार झाला, पण त्याच्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि आमच्या म्हाताऱ्याला पंधरा टाचण्यांचं व्हीजीए. नुसत्या वायरीने ते जुळत नाही, मध्ये संदेश बदलून देणारी डबी लागते. डबीची किंमत ऐकून भाच्याला अभ्यास आठवला.

शेवटी आमच्या भागातल्या बागेपाशी एका रविवारी ई-कचरा गोळा करणार, असं कळलं. मी मॉनिटर पुसला, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि तिथे घेऊन गेलो. मांडवात जुन्या की-बोर्डांचा ढीग, चार्जरच्या वायरींचं जंजाळ, एक आख्खं वॉशिंग मशीन. वहीत नोंद करणारी मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची होती. तिने विचारलं, "काका, चालू आहे की बंद?"

इथे 'बंद' म्हणायचं होतं. एका शब्दात सुटलो असतो. पण बत्तीस रुपयांचे कॅपॅसिटर, आईचं लाटणं, आल्याचा चहा, सगळं एकदम घशाशी आलं आणि मी छाती फुगवून म्हटलं, "चालू! मी स्वतः दुरुस्त केलाय!"

"अरे वा!" ती मनापासून म्हणाली. "मग इथे नका देऊ. इथलं सगळं फोडून सुटं करायला जातं. चालू वस्तू वापरात राहिली तर सगळ्यांत चांगलं. घेऊन जा, काका."

मांडवातल्या लोकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. एका आजोबांनी तर 'असे लोक पाहिजेत' असंही म्हटलं. मी टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि घरी आलो. दार बायकोने उघडलं. तिने टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता माळ्याची शिडी आणायला आत गेली.

या सगळ्यातून जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतो. मॉनिटर काळा झाला तर आधी अंधार करून बॅटरी मारा. चित्र दिसलं तर दिवा गेलाय, चांगल्या कारागिराकडे न्या, तो मागेल ते नऊशे द्या आणि स्कूटर घरी ठेवून रिक्षाने जा. काच तडकली असेल किंवा आडव्या-उभ्या रेघा येत असतील तर पॅनेल गेलंय, त्याच्या नादी लागू नका, ई-कचऱ्यात द्या, भंगारात नको. आणि टाकायचाच असेल तर दुरुस्त करण्याआधी टाका. बिघडलेली वस्तू टाकायला फक्त मन घट्ट करावं लागतं. आपण दुरुस्त केलेली वस्तू या जन्मी टाकता येत नाही.

एकोणीस इंची, चौकोनी, चालू स्थितीतला मॉनिटर फुकट देणे आहे. मधल्या चौकटीबद्दल तक्रार करायची नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी दुपारी एक ते चार सोडून कधीही यावं, व्हीजीएची वायर आपापली आणावी, आणि माझी आई दाराशी भेटली तर 'दुरुस्तीला नेतोय' असं सांगावं.